तबला आला की फ्यूजन झालं?

तुमच्या घरात नाही तर शेजारी, गिटार वाजवणारं एखादं पोर असेलच. आमच्याकडे आहे. भिलाईत रुआबांध्याला आमचं घर. बहिणीचा मुलगा अकरावीसाठी आमच्याकडे राहायला आलाय. संध्याकाळी अभ्यासाला म्हणून दार लावून घेतो आणि दाराआडून एकच धून चाळीस वेळा ऐकू येते. इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात यंदा मुलांनी एक 'फ्यूजन आयटम' बसवायचा असं ठरलं आणि त्यानं लगेच कागदावर यादी काढली : गिटार, कीबोर्ड, बासरी, लॅपटॉपवरचे ड्रम्स आणि तबला. तबल्याखाली दोन रेघा.

"मामा, तबला आला की फ्यूजन झालंच ना?"

मी वर्तमानपत्रातून डोकं न काढता 'हो' म्हणालो. रात्री मात्र वाटलं, आपण पोराला चुकीचं सांगितलं. ज्या माणसाच्या ध्वनिमुद्रिका ऐकून मला स्वतःला ही गोष्ट कळली, त्याचं नावसुद्धा मी याला कधी सांगितलेलं नव्हतं. तुम्हालाही ते बहुधा माहीत नसेल. त्यात तुमचा काही दोष नाही. ज्या गावात तो जन्मला तिथेही ते फार थोड्यांना माहीत आहे, आणि ते गाव म्हणजे मुंबई.

अमान्सियो डिसिल्वा. जन्म १९३६, मुंबई. आईवडील गोव्याचे. मृत्यू १९९६, लंडन. हातात आयुष्यभर गिटार. त्यांच्या नावावर मोजून चार-पाच तबकड्या. त्यांतली एक तर त्यांनी तबकडी म्हणून कधी पाहिलीच नाही. त्या तबकडीकडे आपण पुढे येऊच, कारण तिच्यात आपल्यापैकी एक माणूस बसलेला आहे.

गोव्याचे हात, मुंबईचे कान

आधी थोडं मागे जाऊ. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. त्यामुळे गोव्याचा मुलगा नोकरीसाठी मुंबईला येई तेव्हा त्याच्या ट्रंकेत कपड्यांसोबत एक हुन्नरही असे : समोर कागद ठेवा, तो वाजवून दाखवेल. धोबी तलावाच्या आसपास, गावागावाच्या नावाने चालणाऱ्या 'कुडां'मध्ये, म्हणजे गोवेकरांच्या राहण्याच्या क्लबांमध्ये, असे वादक गर्दीनं राहत. संध्याकाळी ताज आणि इतर हॉटेलांत जॅझ वाजवायचा, सकाळी चर्चला, दुपारी सिनेमाच्या स्टुडिओत.

मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतल्या रात्री थंडावल्या आणि ही मंडळी सिनेमाकडे आणखी वळली. आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांचं, म्हणजे सी. रामचंद्रांचं, 'अलबेला'मधलं (१९५१) संगीत आठवा. त्यामागे चिक चॉकलेट या नावानं प्रसिद्ध असलेले गोव्याचे ट्रम्पेटवादक होते. ते आणि त्यांचा वाद्यवृंद त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतो. पण हे अपवाद. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड अशा किती जणांनी हजारो गाण्यांचे सांगाडे उभे केले आणि तबकडीच्या लेबलावर त्यांची नावं आली नाहीत. आपण ती गाणी पाठ म्हणतो, आणि वाजवणारा कोण हे विचारत नाही. मी तरी कुठे विचारलं होतं?

त्यातच गोव्याची स्वतःची मांडो, दुलपद ही गाणी. शब्द कोंकणी, चालीत पोर्तुगीज वळणं, हातात व्हायोलिन आणि शेजारी मातीच्या मडक्याचं घुमट. त्याला कुणी 'फ्यूजन' म्हणत नसे. लग्नघरातलं गाणं होतं ते.

अमान्सियो या सगळ्यात वाढले. मुंबईच्या जॅझवाल्यांत त्यांच्या गिटारचं नाव झालं. जयपूरच्या महाराणींनी त्यांना चांगली गिटार घेऊन दिल्याची गोष्ट त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. पुढे त्यांनी 'महाराणी' आणि 'जयपूर' या नावांच्या रचना केल्या हे खरं. पत्नी जॉइस आयरिश. १९६७ साली हे कुटुंब लंडनला गेलं. कारण करिअर नव्हतं. मुलगा आजारी होता आणि त्याला उपचार हवे होते.

१९६९ : दोन गिटारवाले

जॅझ फ्यूजनचा इतिहास कुठेही वाचा, १९६९ हे साल येतंच. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये माइल्स डेव्हिस यांनी 'इन अ सायलेंट वे' आणि 'बिचेस ब्रू' ध्वनिमुद्रित केले. दोन्हींत गिटार होती जॉन मॅक्लॉफलिन या इंग्रज तरुणाची. तो नुकताच लंडन सोडून अमेरिकेला गेला होता. पुढे त्यानं अमेरिकेत वीणेचे धडे घेतले आणि १९७५ मध्ये झाकीर हुसेन, एल. शंकर, विक्कू विनायकराम यांच्यासोबत 'शक्ती' उभी केली. हे तुम्हाला ठाऊक असेल. २०२४ च्या फेब्रुवारीत 'शक्ती'ला ग्रॅमी मिळालं तेव्हा सगळ्या वाहिन्यांवर बातमी होती.

आता गंमत बघा. इंग्रज गिटारवाला ज्या वर्षी लंडनमधून बाहेर पडला, त्याच वर्षी त्याच शहरात मुंबईचा एक गिटारवाला स्टुडिओत जाऊन बसला. हॉलंड पार्कमधला लॅन्सडाउन स्टुडिओ. निर्माते डेनिस प्रेस्टन. ते स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रण करून मोठ्या कंपन्यांना देत, त्यामुळे जे मोठी कंपनी करू धजली नसती ते त्यांच्याकडे होत असे. तिथे १९६९ मध्ये अमान्सियोंची पहिली तबकडी झाली, 'इंटिग्रेशन'. सोबत सॅक्सोफोनवर डॉन रेंडेल, ट्रम्पेटवर इयन कार, बास डेव्ह ग्रीन, ड्रम्स ट्रेव्हर टॉमकिन्स. सगळे तेव्हाच्या ब्रिटिश जॅझमधले नावाजलेले वादक.

'इंटिग्रेशन' हे नाव आज साधं वाटतं. पण त्याच्या आदल्याच वर्षी, एप्रिल १९६८ मध्ये, इनॉक पॉवेल यांनी बाहेरून आलेल्यांविरुद्धचं आपलं कुप्रसिद्ध भाषण केलं होतं. बाहेरून आलेला माणूस इथे मिसळणार की नाही, हा तेव्हा तिथल्या रस्त्यावरचा प्रश्न होता. अशा वेळी एका गोवेकराच्या तबकडीवर हा शब्द मोठ्या अक्षरांत छापून येतो. मुद्दाम की सहज, कोण जाणे. मला तरी तो शब्द नुसता संगीतापुरता वाटत नाही.

आणि आता माझ्या भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर. 'इंटिग्रेशन'वर सतार नाही. तबला नाही. तंबोरा नाही.

हे किती धाडसाचं होतं ते समजायला त्या वेळचं लंडन डोळ्यांपुढे आणायला हवं. १९६५ मध्ये बीटल्सनी सतार वाजवली आणि दोन वर्षांत तिची साथच आली. दुकानात उदबत्ती, रेडिओवर सतार. भारतीय माणूस स्टुडिओत आला की त्याच्याकडून तेच मागितलं जाणार. अमान्सियोंनी ते दिलं नाही. त्यांनी गिटार दिली. भारत त्या गिटारच्या तारांमध्येच होता.

मग भारतीय काय होतं त्यात?

गिटारला पडदे असतात. बोट एका पडद्यावरून दुसऱ्यावर ठेवलं की स्वर पायरी उतरल्यासारखा बदलतो. मधली उतरण नाही. आपल्या पेटीची हीच अडचण. मीड निघत नाही म्हणून आकाशवाणीनं १९४० ते १९७१ हार्मोनियमला दाराबाहेर उभं केलं होतं, हे घरातल्या जुन्या माणसांना आठवत असेल.

गिटारवर या अडचणीतून वाटा निघाल्या. पंडित ब्रिजभूषण काबरांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, तारांवरून धातूचा तुकडा सरकवला आणि मीड काढली. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार आणि हरिप्रसादांसोबत ती गिटार तुम्ही ऐकली असेल. मॅक्लॉफलिनांनी 'शक्ती'साठी गिटारच वेगळी बनवून घेतली. पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलेलं, वर तरफेच्या तारा.

अमान्सियोंनी गिटारला हात लावला नाही, म्हणजे बदलली नाही. साधी इलेक्ट्रिक गिटार, स्वच्छ आवाज. तार पडद्यावरच आडवी ओढायची, सतारीवर ओढतात तशी, आणि स्वराला थोडा बाक द्यायचा. छोटी छोटी वाक्यं वाजवायची आणि पुन्हा एका मुक्कामाच्या स्वरावर यायचं. जॅझमध्ये सहसा चार-चार मात्रांना खालची जमीन, म्हणजे कॉर्ड, बदलत राहते. ते पुष्कळदा एकाच 'सा'वर तळ ठोकतात आणि वर स्वरांची चाल रचतात. राग म्हणाल तर तो नाही. पण रागात वाढलेल्या कानाला घरचं वाटेल असं काहीतरी आहे.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. 'इंटिग्रेशन'मध्ये पियानो नाही. पुढच्या तबकडीतही नाही. पियानो असला की तो सतत कॉर्डची फरशी बसवत राहतो आणि मग एका 'सा'वर रेंगाळायला जागा उरत नाही. तो काढला की अंगण मोकळं. भाच्याच्या यादीतल्या कीबोर्डवर मी त्या रात्री मनातल्या मनात काट मारली.

आम्ही भिलाईची माणसं, आम्हाला भट्टीची उपमा लगेच सुचते, सांभाळून घ्या. ब्लास्ट फर्नेसमध्ये वरून खनिज आणि कोक टाकतात. खालून वाहणाऱ्या लोखंडात सुमारे ४ टक्के कार्बन उतरलेला असतो, तो त्या कोकाचा. पण 'हा बघा कोक' म्हणून तुम्ही त्यात बोट ठेवू शकत नाही. आणि एका ताटात भाकरीशेजारी पिझ्झा ठेवला तर दोन्ही ओळखता येतात. पोट भरतं, पण त्याला वितळणं म्हणत नाहीत.

'हम दोनो'

हे नाव वाचून देव आनंद आठवला ना? मलाही. त्या चित्रपटाचा इथे संबंध नाही. इथले 'दोघे' म्हणजे अमान्सियो आणि जो हॅरियट.

हॅरियट जमैकाचे. १९५१ मध्ये इंग्लंडला आलेले, आल्टो सॅक्सोफोनचे बादशहा. त्यांनी कोलकात्यात जन्मलेल्या जॉन मेयर यांच्यासोबत १९६६ पासून 'इंडो-जॅझ सूट' आणि मग 'इंडो-जॅझ फ्यूजन्स' या नावानं तबकड्या काढल्या होत्या. पाच जॅझवाले एका बाजूला, पाच भारतीय वाद्यं दुसऱ्या बाजूला, मध्ये मेयर यांनी लिहिलेलं संगीत. 'फ्यूजन' हा शब्द तबकडीवर इतक्या लवकर आला तो तिथे. ऐकायला मजेदार आहेत त्या. पण खरं सांगायचं तर कधी कधी दोन वऱ्हाडं एका मांडवात बसल्यासारखी वाटतात. नमस्कार-चमत्कार छान होतात, पण पंगती वेगळ्या.

'हम दोनो' (१९६९) मध्ये मांडव लहान झाला. सॅक्सोफोन, गिटार, डेव्ह ग्रीन यांचा बास आणि ब्रायन स्प्रिंग यांचे ड्रम्स. काही रचनांत इयन कार यांचं ट्रम्पेट आणि नॉर्मा विन्स्टन या गायिकेचा आवाज. तोही शब्दांशिवाय, वाद्यासारखा. पुन्हा सतार-तबला काहीच नाही.

तुम्ही ऐकायला बसाल तर सुरुवात 'बॅलड फॉर गोवा'पासून करा. संथ आहे, मुलांना कदाचित कंटाळा येईल. तरी करा. गोव्याचं नाव घेतलं म्हणून समुद्राच्या लाटा आणि कार्निव्हल अपेक्षित असेल तर निराशा होईल. दूर राहणारा माणूस गावाबद्दल बोलताना मध्येच थांबतो ना, तसे थांबे आहेत त्यात. मग 'जयपूर' लावा. तिथे सॅक्सोफोन आणि गिटार एकच धून खांद्याला खांदा लावून वाजवतात आणि मग एकेकटे सुटतात.

आणि 'स्टेफानोज डान्स'. स्टेफानो हे त्यांच्या मुलाचं नाव, ज्याच्यासाठी ते लंडनला आले तो मुलगा. त्याच्या नावाची रचना करताना बापानं तिला अंगाई केलं नाही, प्रार्थनाही केलं नाही. नाच केलं. तो मुलगा मोठा होऊन स्वतः गिटारवादक झाला आणि वडिलांचं संगीत वाजवू लागला. हे कळल्यावर ती धून पुन्हा ऐका. मी ऐकली तेव्हा स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तरी उठलो नाही आणि बोलणी खाल्ली.

हॅरियट यांच्या शेवटच्या मोठ्या ध्वनिमुद्रणांपैकी हे एक. ते १९७३ च्या जानेवारीत गेले, वय अवघं ४४.

जी तबकडी त्यांनी पाहिली नाही

यानंतर १९७१ मध्ये 'रिफ्लेक्शन्स' आली. शीर्षकात 'रोमँटिक गिटार' असे शब्द आहेत आणि आतही तेवढंच आहे. गोड आहे, चहासोबत चालेल. मी तिथे थांबत नाही. १९७२ मध्ये 'कॉस्मिक आय' या नावाखाली 'ड्रीम सीक्वेन्स' आली, ती बरीच वेगळी. स्वप्नासारखी लांबत जाणारी, भारतीय वाद्यं सोबत घेणारी.

त्याच सुमारास लॅन्सडाउनमध्येच आणखी एक ध्वनिमुद्रण झालं, 'कोंकण डान्स'. सॅक्सोफोनवर पुन्हा डॉन रेंडेल, सतारीवर क्लेम अल्फोर्ड, गिटारवर अमान्सियो. टेप तयार होती. बाजारात मात्र आली नाही. एक वर्ष, पाच वर्षं, वीस वर्षं.

या काळात 'इंटिग्रेशन' आणि 'हम दोनो'च्या मोजक्या प्रतीही दिसेनाशा झाल्या. पुढे जुन्या तबकड्या जमवणारे लोक त्या शेकडो पौंड देऊन घेऊ लागले. पण ते पैसे विकणाऱ्याला मिळतात, वाजवणाऱ्याला नाही. अमान्सियो लंडनमध्येच राहिले, मुलांना संगीत शिकवत. १९९६ मध्ये ते गेले.

'कोंकण डान्स' सीडी म्हणून बाहेर आली २००६ मध्ये. म्हणजे वाजवल्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळानं आणि वाजवणारा गेल्यावर दहा वर्षांनी.

हे वाचून तुम्हाला हळहळ वाटेल. मला आधी रागच आला होता. नंतर त्या टेपचा विचार आला. कुणीतरी ती कपाटात ठेवली, फेकली नाही, तिच्यावरून दुसरं काही भरलं नाही. मुंबईच्या हॉटेलांत अमान्सियोंनी आणि त्यांच्यासारख्या शेकडो जणांनी हजारो रात्री जे वाजवलं असेल, त्याची टेपच नाही. ते हवेत गेलं. लंडनमधल्या त्या थोड्या दिवसांचं मात्र राहिलं. आपल्या गावातल्या भजनी मंडळाचं, तमाशातल्या ढोलकीवाल्याचं, बँडमधल्या क्लॅरोनेटवाल्याचं तरी आपण काय ठेवलंय? फोन आपल्या खिशात आहे.

कुठले साठे?

आता तो आपला माणूस. 'कोंकण डान्स'वर तबला आहे आणि तबल्यावर आहेत केशव साठे.

साठे मुंबईचे. पन्नाशीच्या दशकात लंडनला गेले. हॅरियट-मेयर यांच्या त्या 'इंडो-जॅझ' तबकड्यांवरही तबला त्यांचाच. (तिथे तंबोऱ्यावर चंद्रहास पैंगणकर असं नाव वाचलं की अजून एकदा घरचं वाटतं.) १९६७ मध्ये जर्मनीत 'जॅझ मीट्स इंडिया' नावाचं ध्वनिमुद्रण झालं, युरोपातले मुक्त जॅझवाले आणि दिवाण मोतिहार यांची सतार. तिथेही साठे. १९७७ मध्ये जॉन रेनबर्न या इंग्रज गिटारवादकाच्या 'अ मेड इन बेडलम'मध्ये कित्येक शतकांपूर्वीची इंग्रजी लोकगीतं आहेत. त्यांच्याखाली जो तबला वाजतो, तोही केशव साठ्यांचा.

एका मराठी माणसानं इतक्या वेगवेगळ्या मांडवांत तबला वाजवला आणि आपल्याकडे त्याची गोष्ट सांगितली जात नाही. तबलजी म्हटलं की आपण घराण्यांची नावं घेतो. साठ्यांचं काम वेगळं होतं. समोर कोण आहे ते ऐकायचं आणि त्याला पुरेल एवढंच वाजवायचं. 'कोंकण डान्स'मध्ये नीट कान द्या. तबला पुढे येऊन 'मी भारतीय' असं सांगत नाही. तो बासच्या बाजूला बसून चाल धरतो, आणि गिटार वळली की तोही वळतो. आधीच्या दोन तबकड्या ऐकल्या असतील तर यातलं मर्म कळेल. अमान्सियोंना तबल्याची गरज नव्हती हे त्यांनी दाखवून झालं होतं. म्हणून आता तो आला तो सजावट म्हणून आला नाही. सोबती म्हणून आला.

तुम्ही ऐकणार असाल तर

फोनवर शोधलंत तर ही ध्वनिमुद्रणं सापडतात. नाव इंग्रजीत टाकावं लागेल, मराठीत टाकून अजून काही हाती लागत नाही. (हा लेख आला की बहुधा एक तरी लागेल.) फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, बास ऐकू येत नाही आणि बासशिवाय हे संगीत म्हणजे वरणाशिवाय भात. साधे इअरफोन चालतात.

एका बैठकीत सगळं नको. पहिल्या दिवशी 'बॅलड फॉर गोवा' आणि 'जयपूर'. दुसऱ्या दिवशी 'इंटिग्रेशन'. मध्ये एखादा दिवस 'शक्ती'ची पहिली तबकडी, १९७५ च्या मैफलीची, म्हणजे त्याच प्रश्नाचं दुसरं उत्तर कळेल. तिथला वेग थक्क करतो, झाकीरभाईंचा हात तर विचारूच नका. अमान्सियो वेगात त्यांच्या जवळपासही जात नाहीत. जायचा प्रयत्नही करत नाहीत. मग 'कोंकण डान्स'.

घरात गिटार शिकणारं मूल असेल तर त्याला एवढंच करायला सांगा : जयपूरची धून कानानं उचल, कागद न बघता. पहिल्या चार स्वरांतच तार किती ओढायची हे बोटाला शोधावं लागेल, ते कुठल्याही ट्यूटोरियलमध्ये नाही.

आमच्या घरी हा प्रयोग एका रविवारी झाला. भाच्यानं 'हम दोनो' ऐकलं आणि पाच मिनिटांनी म्हणाला, "मामा, यात इंडियन काहीच नाही." दहा मिनिटांनी म्हणाला, "थांब, परत लाव." मग गिटार घेऊन आला. दार लावून घेतलं नाही, हॉलमध्येच बसला. तार ओढताना एक तुटली. नवी आणायला दुर्गला जावं लागलं.

आता यादीचं म्हणाल तर कीबोर्ड गेला, लॅपटॉप गेला. तबल्याखालच्या दोन रेघाही खोडल्या आहेत, पण तबला आहे. शेजारचा मुलगा वाजवणार आहे आणि त्याला सांगितलंय, पहिली दोन मिनिटं नुसतं ऐक. आयटम कसा होईल, सांगता येत नाही. मंडळाच्या काकांना अजून 'जल्लोष' हवा आहे.

'कोंकण डान्स' लावलं त्या दिवशी आई, म्हणजे भाच्याची आजी, शेंगा सोलत बसली होती. तिला यातलं काही आवडेल असं मला वाटलं नव्हतं. भाचा फोनवरची नावं मोठ्यानं वाचत होता. तबला, केशव साठे.

आजीचे हात थांबले. "साठे? कुठले साठे?"

"मुंबईचे, आजी. लंडनला गेलेले."

"मुंबईचे ते झालंच. मूळ कुठले?"

ते काही आम्हाला सांगता येईना. आजीनं थोडा वेळ ऐकलं, मान हलवली आणि शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"परत लाव बघू ते साठ्यांचं. आणि तो गिटारवाला पण बरा आहे हं."